मुका पाइप

लग्नाला दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा तिनं ते भांडण ऐकलं. ती स्वयंपाकघरात ताटं पुसत होती आणि बाहेरच्या खोलीत तिचा नवरा आणि सासरे यांची जुंपली होती. घरात नवी सून असली की माणसं हळू आवाजात भांडतात, आणि हळू आवाजातलं भांडण जास्तच नीट ऐकू येतं. एकच ताट तिनं इतका वेळ पुसलं की त्यात तोंड दिसायला लागलं.

"काल न्हाव्याच्या दुकानात चार माणसांदेखत विचारलं मला," सासरे म्हणत होते, "तुमचा मुलगा भल्या पहाटे रस्त्यावर ओणवा होऊन काय करतो म्हणून. काय सांगू मी?"

"सांगा की पाइप ऐकतो."

"पाइप काय गाणं म्हणतो?"

"फुटला की म्हणतो."

सासऱ्यांची सगळी नोकरी नदीवरच्या पंपघरात गेली होती. त्यांच्या लेखी गोष्ट सरळ होती. पाणी कमी पडलं की जास्त उपसायचं. त्याला कान कशाला लागतो?

"नदी पुरली नाही तर वर डोंगरातलं तळं आहे," ते म्हणाले. "तिथे पंप टाकायचा, झालं."

"आणि बाबा, तेही आटलं म्हणजे?"

"आटलं तर आटलं! तुझ्या सासऱ्याचं आहे का ते?"

 तळं तिच्या वडिलांच्या नावावर नव्हतं, पण त्यांचं घर त्याच्याच काठावर होतं. सुनेचं सगळं माहेर त्या तळ्यावर जगत होतं. तळ्याच्या पोटात एक झरा होता, बाराही महिने वाहणारा, आणि लहानपणापासून तिच्या पोटात गेलेलं बहुतेक पाणी त्याच झऱ्याचं. सासऱ्यांना ते जरा उशिरा आठवलं. ते खाकरले आणि आवाजात साखर घालून म्हणाले, "सूनबाई, चहा होईल का गं?"

चहा झाला. पण त्या दिवशी तिला दोन गोष्टी कळल्या. आपल्या माहेरच्या पाण्यावर या गावाचा डोळा आहे ही एक, आणि त्याच्या आड उभा राहणारा माणूस याच घरात, एका काठीला कान लावून बसतो ही दुसरी.

ती काठी म्हणजे पुरुषभर उंचीची लोखंडी सळई होती. वरच्या टोकाला लाकडाची छोटीशी वाटी. खालचं टोक पाइपावर टेकवायचं आणि वाटीत कान घालायचा. पहाटे पाइप भरलेले असतात आणि गल्ल्या झोपलेल्या असतात, तीच वेळ कामाची. जमिनीखाली कुठे गळतं ते वरून दिसत नाही, पण ऐकू येतं. नवऱ्यानं तिला परसातल्या नळावर काठी टेकवून शिकवलं.

"कोणी नळ सोडला की पाणी गुळगुळतं, आणि नळ बंद केला की गप्प होतं. गळती गप्प होत नाही. चुलीवर किटली ठेवून कोणी विसरून गेल्यासारखी ती सूं करत बसते. ऐकलंस?"

"ऐकलं. पण आत आणखी कोणीतरी घोरतंय."

नवरा चकित झाला. ती पंपाची घरघर होती, लोखंडातून अर्धा कोस चालत आलेली. त्याला स्वतःला ती ओळखायला वर्ष लागलं होतं.

"तुझा कान माझ्यापेक्षा तिखट आहे," तो म्हणाला. नवऱ्याच्या तोंडून असं वाक्य संसारात एकदाच निघतं, म्हणून तिनं ते जपून ठेवलं.

पंचेचाळिशी उलटली आणि नवऱ्याचं ऐकणं कमी झालं. घरात ते कोणाच्या लक्षात आलं नाही. ती रागावली तरी तो हसून मान डोलवायचा, आणि तिला वाटलं माणूस सुधारला. मग एका दुपारी त्याच्या पाठीमागे पितळी डबा पडला, सगळी आळी दचकली, आणि हा शांतपणे नखं कापत राहिला. तेव्हा तिनं कपाळावर हात मारला.

"अहो, मग आता कामावर काय ऐकता?"

"आठवणीनं ऐकतो," तो म्हणाला, आणि तोंड फिरवलं.

कान गेला हे पाणी-खात्याच्या कचेरीत कळलं असतं तर नोकरी गेली असती. दुसऱ्या पहाटेपासून ती त्याच्याबरोबर निघाली. लोक म्हणाले, या वयात बरी जोडीनं फिरायची हौस आली! तो काठीला कान लावायचा, मग "जरा धर गं" म्हणून तिच्याकडे द्यायचा. तिनं कोपर एकदा दाबलं की गळती आहे, दोनदा दाबलं की नाही. खोदायला येणाऱ्या फिटरला महिन्याभरात सगळं कळलं. तो पोटातल्या पोटात हसायचा आणि म्हणायचा, "वहिनी, दादांचं कोपर जपा. सगळं गाव त्याच्यावर चाललंय."

दोन वर्षं चालली ती चोरी. मग तेव्हाचे मोठे साहेब एकदा पहाटे न सांगता येऊन मागे उभे राहिले. त्यांनी दोनदा हाक मारली, तरी हा ढिम्म. साहेबांनी सगळं पाहिलं, कोपरसुद्धा पाहिलं. कडक माणूस होता, पण खवचट नव्हता. त्यांनी नवऱ्याला सामानाच्या कोठीवर बसवलं, आणि काठी हिच्या हातात दिली, हंगामी म्हणून. तो हंगाम पुढे वीस-बावीस वर्षं चालला. नवरा गेला, साहेब बदलले, हिचे केस पांढरे झाले, आणि गावात तिला सगळे कानवाली म्हणायला लागले. सुरुवातीला चेष्टेनं म्हणायचे, नंतर पत्ता सांगताना म्हणायला लागले.

ती एकसष्ट वर्षांची असताना तो उन्हाळा आला. नदी घोट्यापर्यंत उतरली. गावाला दिवसाआड पाऊण तास पाणी. आणि एका सकाळी तिचा धाकटा भाऊ माहेराहून आला, दारातच उभा राहिला, पाण्याचा पेला घेतला नाही.

"राहू दे ताई. तुमच्याकडे कमी आहे असं ऐकलं. म्हणून तर आमच्याकडे पंप येतोय."

"कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला हवं? लोखंडी सांगाडा उभा राहिलाय काठावर. चार दिवस नुसता तपासायला चालवला, तर पाणी वीतभर खाली गेलं. पायऱ्या उघड्या पडल्या. झरा भरून काढतो, पण त्यालाही श्वास घ्यायला वेळ लागतो ना! तुझ्या गावाला तहान लागली की बरं आमचं तळं दिसतं."

"माझं गाव कुठलं रे? दोन्ही माझीच," ती म्हणाली. पण भावाचं तोंड उतरलेलं पाहिलं आणि काठी घेऊन तशीच कचेरीत गेली.

आताचे साहेब तरुण होते, सभ्य होते, आणि सगळं कागदावर बघायचे.

"साहेब, पंपघरातून जेवढं पाणी सुटतं, तेवढं टाकीत पडतं का?"

"नाही पडत. तिसरा हिस्सा कमी पडतो. पण मोजायची यंत्रं जुनी आहेत, मावशी. तो फरक त्यांचा."

"आणि यंत्रं खरं बोलत असतील तर?"

"मोठा पाइप तुम्हीच ऐकता ना दरवर्षी? कधी सांगितलंत गळतोय म्हणून?"

 पंपघरापासून पार टेकाडावरच्या टाकीपर्यंतचा तो जाड लोखंडी पाइप तिनं वर्षानुवर्षं ऐकला होता, आणि तो चांगल्या घरच्या मुलासारखा वागत आला होता.

"पंप कधी बसतोय तळ्यावर?"

"मंगळवारी सुरू होईल. आठ दिवस आहेत."

"आठ दिवस पुष्कळ झाले," ती म्हणाली. आणि काठी उचलून बाहेर पडली.

पहिले तीन दिवस ती तो सगळा पाइप चालली. जिथे जिथे व्हॉल्व्हचं झाकण, तिथे तिथे काठी. चौथ्या दिवशी बेकरीसमोरच्या व्हॉल्व्हवर तिला ते सापडलं. सूं! असं की काठीवरून कान काढावासा वाटेना. तिनं खडूनं फुली मारली. फिटरनं माणसं लावून रस्ता खोदला, कमरेइतका खड्डा झाला, आणि खाली माती अशी कोरडी की चाळून डब्यात भरावी. बेकरीवाला पाव विकायचे सोडून बघत उभा राहिला.

फिटरला काय वाटलं कोण जाणे, त्यानं व्हॉल्व्हची चावी दोन वेढे फिरवली. आवाज गेला.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "पाणी कमी सोडायचं म्हणून कोणीतरी हा अर्धा बंद करून ठेवला होता. अरुंद फटीतून पाणी चाललं की ते असंच ओरडतं."

एवढ्या वर्षांत अशी चूक तिच्या हातून झाली नव्हती. अर्धा बंद व्हॉल्व्ह गळतीसारखा बोलतो हे तिला ठाऊक होतं, पण आधी व्हॉल्व्ह पूर्ण उघडून मग ऐकायचं, हे घाईत राहून गेलं. कान तिखट असला की माणूस बाकीची अक्कल घरी ठेवून येतो. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात झालं की कानवालीनं बेकरीपुढे विहीर खणली. साहेब काही वाईट बोलले नाहीत. "वय होतं मावशी, चालायचंच," एवढंच म्हणाले. शिवी दिली असती तर बरं, असं तिला वाटलं.

घरी मुलगी म्हणाली, "आई, पुरे आता. आजवर ऐकलंस ते काय थोडं झालं?"

"थोडं कशाला? पण चार दिवस अजून माझे आहेत."

पाचव्या दिवशी ती पुन्हा पंपघरापासून निघाली. पण या वेळी गळती शोधायची नाही असं तिनं ठरवलं. नुसतं जे ऐकू येईल ते ऐकायचं. आणि ऐकू येत होती ती पंपाची घरघर, जी तिनं लग्न झाल्यावर परसातल्या नळात ऐकली होती. पंपघराशी मोठी, बेकरीपाशी मध्यम, बस डेपोच्या व्हॉल्व्हवर बारीक पण स्वच्छ. डेपोच्या पुढे तीनशे पावलांवर पुढचा व्हॉल्व्ह होता, कापड रंगवायच्या कारखान्याच्या भिंतीलगत. तिथे घरघर नव्हती.

त्यात नवल नव्हतं. गेली दहा-बारा वर्षं तिथे ती नसायचीच. इतकी वर्षं ती मनाशी म्हणत आली होती, लांब आलं, विरली असेल. आज मात्र तिनं काठी पुन्हा टेकवली. विरणारी गोष्ट विरत विरत जाते. ही तर डेपोपाशी धडधाकट होती आणि इथे कात्रीनं कापल्यासारखी गायब. तीनशे पावलांत मरायला तिला झालं काय?

ती निघाली ती थेट फिटरच्या घरी. तो अंगणात दाढी करत होता.

"भाऊजी, डेपो ते रंगाचा कारखाना, तिथला पाइप कधी उकरला होता का?"

फिटर अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून विचारात पडला. "रस्ता रुंद केला तेव्हा. अकरा वर्षं झाली. तेव्हा तेवढाच तुकडा बदलला ठेकेदारानं." मग त्याचा वस्तरा थांबला. "वहिनी, तो प्लास्टिकचा टाकला."

"आणि मला कोणी सांगितलं नाही!"

"तुम्ही विचारलं नाही."

लोखंड बोलतं. प्लास्टिक आवाज गिळून बसतं. त्या तीनशे पावलांत पाइप फाटून दोन तुकडे झाला असता तरी तिच्या काठीला ते कळलं नसतं. अकरा वर्षं ती एका मुक्या पाइपाला 'तब्येत ठीक' म्हणून सांगत आली होती. तिला स्वतःचाच राग आला, आणि राग आला की तिचे पाय झपझप चालतात.

पण कानानं कळणार नाही तर कशानं कळणार? जमीन तर वरून कोरडी ठणठणीत. म्हणजे पाणी वर येत नव्हतं, खाली कुठेतरी त्याला वाट मिळाली होती. त्या रस्त्याखालून दगडी बांधणीचा एक झाकलेला नाला जातो, आणि कारखान्याच्या मागे त्याचं तोंड उघडं पडतं. सहाव्या दिवशी उजाडताना ती तिथे पोचली. त्या वेळी गावात कोणाची आंघोळ नाही, धुणं नाही, कारखाना बंद. नाला कोरडा असायला हवा होता. तो वाहत होता, आणि पाणी असं की तळाचा खडा दिसावा. तिनं ओंजळ नाकाशी नेली. पंपघरात पाण्यात औषध टाकतात त्याचा वास.

पंपवाला तिच्या सासऱ्यांच्या हाताखाली शिकलेला, आता स्वतःच निवृत्तीला आलेला. तिनं त्याला सांगितलं, उद्या ठरल्या वेळेआधी अर्धा तास पंप बंद कर. "साहेबांना काय सांगू?" "सांग, कानवालीला नाल्यात बसायचं होतं." सातव्या दिवशी ती खरंच नाल्यात उतरली, एक काटकी उभी रोवली, तिच्यावर पाण्याची रेघ नखानं करून बसली. पंप थांबला, आणि थोड्या वेळानं पाणी रेघेच्या खाली सरकलं. मग आणखी खाली. मग नुसती ओल.

आता जागा. काठी पुन्हा कामाला आली, पण ऐकायला नाही. रस्त्याच्या कडेच्या मातीत दर दहा पावलांवर तिनं ती दाबली. वीतभर जाऊन अडायची. एकशे चाळिसाव्या पावलाला लोण्यात सुरी जावी तशी गेली, आणि तिच्या खांद्यापर्यंत गेली.

साहेब खोदायला तयार नव्हते. "मावशी, एक खड्डा झालाय. वरचे मला विचारतात. उद्या पंप सुरू होतोय, आता कशाला?"

"उद्या सुरू होतोय म्हणूनच आज. साहेब, पाणी मिळालं नाही तर ही काठी कचेरीत जमा करते आणि पुन्हा कुठल्या पाइपाजवळ फिरकत नाही. तुम्हालाही सुटका, मलाही सुटका."

"असं कशाला बोलता?"

"बोलत नाही. लिहून देते. अक्षर वाईट आहे, पण वाचता येईल."

साहेबांनी पेन बंद केलं. मग त्यांनी फिटरला हाक मारली.

दुपारी सुरुवात झाली. कमरेइतका खड्डा झाला, माती कोरडीच. बेकरीवाला इथेही आला होता, दुकान सोडून. कोणीतरी म्हणालं, "दुसरी विहीर!" ती खड्ड्याच्या काठावर काठी धरून उभी राहिली आणि हलली नाही. छातीइतकं खोल गेल्यावर फिटरची पहार भस्सकन आत गेली आणि तो ओरडला, "थांबा रे, माझा पाय धरा!" माती खाली ढासळली. दोन पाइपांच्या जोडातली रबरी रिंग सरकली होती आणि मनगटाएवढी धार सरळ खालच्या नाल्याच्या फटीत चालली होती. किती वर्षं, ते कोणालाच सांगता आलं नाही. एका गावाची तहान भागवून उरेल एवढं स्वच्छ पाणी रोज रंगाच्या कारखान्यामागून वाहून जात होतं आणि आपण दुसऱ्याच्या तळ्यात पंप टाकायला निघालो होतो, हे साहेबांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं दिसत होतं. ते बुटांसकट खड्ड्यात उतरले.

जोड बसवून होईतो दिवस मावळला. दुसऱ्या दिवशी टाकी काठोकाठ भरली, आणि टाकीवरचा माणूस घाबरून खाली धावत आला, कारण भरल्यावर काय करायचं हे तो विसरला होता. तळ्यावरचा पंप त्या मंगळवारी सुरू झाला नाही. पण साहेबांनी पंपाच्या मंजुरीचा कागद फाडलाही नाही. त्यांनी तो इतर कागदांच्या खाली ठेवला आणि खरं तेच सांगितलं, "मावशी, पुढच्या उन्हाळ्यात कमी पडलं तर हा पुन्हा वर येईल."

"मग कमी पडू द्यायचं नाही," ती म्हणाली.

त्यानंतर सोळा उन्हाळे आले. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर कचेरीत बैठक बसायची, तळ्याचा विषय निघायचा, आणि बैठकीच्या आधी कानवालीची गळत्यांची यादी टेबलावर असायची. कुठे फुली मारली, किती पाणी वाचलं, फिटर सांगायचा ते ती लिहायची, तिरक्या अक्षरात. हंगाम अधिकृतपणे केव्हाच संपला होता. तिला ते कोणी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. भाऊ दर वर्षी निरोप पाठवायचा, पायऱ्या झाकलेल्या आहेत. फक्त त्या प्लास्टिकच्या तीनशे पावलांसाठी ती काठी घेऊन जायची नाही. तिथे ती नाल्याचं तोंड बघायला जायची.

कामाच्या शेवटच्या दिवशीही तिनं काही वेगळं केलं नाही. अठ्ठ्याहत्तरावं चालू होतं, गुडघे कुरकुरत होते, आणि बैठक चार दिवसांवर आली होती. पहाटे ती दवाखान्यामागच्या गल्लीत गेली. तिसऱ्या झाकणाशी काठी टेकवली, आधी चावीवाल्याकडून व्हॉल्व्ह पूर्ण उघडून घेतला, मग ऐकलं. गळती बारीक होती, पण होती. खडूनं फुली मारली, शेजारच्या घरातल्या बाईला "यावरून गाडी नेऊ नका" म्हणून सांगितलं, आणि कचेरी उघडायच्या वेळेला पायरीवर जाऊन बसली.

कारकून कुलूप काढत म्हणाला, "काकू, फोन केला असता तरी चाललं असतं की!"

"तुझा फोन उचलतोस कधी? लिही. दवाखान्यामागची गल्ली, तिसरं झाकण, भिंतीकडून दोन पावलं. बैठकीच्या आत खोदा म्हणावं."

"लिहिलं."

"वाचून दाखव."

त्यानं वाचून दाखवलं. "भिंतीकडून" राहिलं होतं, ते तिनं घालायला लावलं. मग जाता जाता ती व्हरांड्यातल्या हात धुवायच्या नळापाशी थांबली, ठिपकणारी तोटी घट्ट पिळली आणि आत बघून म्हणाली, "अरे, याला नवा वायसर घाल. पाणी-खात्याचा नळ आहे हा, लाज वाटू दे थोडी." आणि काठी टेकत पायऱ्या उतरून गेली.